दानाची भिशी: कोल्हापुरात दानगट सुरू करायचा आणि टिकवायचा कसा

कोल्हापूरकराला द्यायला शिकवावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा तालमींनी आणि तरुण मंडळांनी कुणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. अडचण येते ती दिवाळीनंतर. पाणी ओसरलेलं असतं, कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि द्यायची ऊर्मी पुढच्या संकटापर्यंत माळ्यावर जाते. वर्षभर करत राहतात ती मोजकी माणसं: गल्लीतल्या कुत्र्यांना रोज भात घालणारी एखादी ताई, पगारातला हिस्सा न चुकता बाजूला काढणारे गुरुजी, सीपीआर या सरकारी रुग्णालयात पेशंटच्या नातेवाइकांना डबे पोचवणारे काका. ती एकेकटी करतात म्हणून एकेकटीच दमतात. आणि पैसाही बऱ्याचदा जिथे ओळख तिथेच जातो.

अशा माणसांनी एकत्र कसं बसावं, पैसा कुठे लावावा, त्यात प्राण्यांचा वाटा किती आणि हे सगळं करताना स्वतःचं शरीर शाबूत कसं ठेवावं, याची ही कृती. साचा गल्लीत चालते त्या भिशीचाच आहे: ठरलेली माणसं, ठरलेली तारीख, ठरलेली रक्कम. फक्त नंबर लागला म्हणून पैसा घरी नेता येत नाही.

माणसं आणि तारीख

आठ ते बारा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की बैठकीचं भाषण होतं. सगळी एकाच पेठेतली, एकाच जातीतली किंवा एकाच ऑफिसातली नसावीत. राजारामपुरीतला डॉक्टर, शिरोळकडचा शेतकरी, मार्केट यार्डातला हिशेबनीस आणि शिवाजी विद्यापीठातली एखादी विद्यार्थिनी एकत्र बसली की प्रश्न आपोआप धारदार होतात.

महिन्याचा एक रविवार पक्का करा. दीड तास. जागा कुणाचं तरी घर किंवा तालमीची खोली. चहा-पोहे यांच्यापलीकडे जेवणावळ घालू नका, नाहीतर तिसऱ्या महिन्यात ज्याच्या घरी पाळी त्याच्या घरात कुरबुर सुरू होते. तीन कामं वाटून द्या आणि दर सहा महिन्यांनी बदला. एकाने हिशेबाची वही सांभाळायची. एकाने पुढच्या महिन्याच्या संस्थेची चौकशी करून यायचं. तिसरं काम लोक नेहमी विसरतात: एकाने सगळ्यांच्या तब्येतीची खबर ठेवायची. कोण दोन बैठका आला नाही, कोण रात्री-अपरात्री जनावरांच्या फोनवर धावतोय, कुणाच्या घरात आजारपण आहे, हे त्या माणसाने विचारायचं. हे काम गटातल्या सर्वांत गप्प माणसाला द्या. तो चांगला करतो.

रक्कम

आधी स्वतःची घडी बसवा. आरोग्य विमा आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक असल्याशिवाय मोठा टक्का ठरवू नका, कारण एका ऑपरेशनने घर हललं की सगळ्यात आधी दान बंद होतं.

टक्का किती? २००९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या 'गिव्हिंग व्हॉट वी कॅन' या संस्थेचे सदस्य उत्पन्नाचा किमान १० टक्के हिस्सा देण्याची प्रतिज्ञा करतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. जकातीचा अडीच टक्के, लिंगायतांचा दासोह, जैनांचं दान असे हिशेब या शहरात पिढ्यान् पिढ्या चालू आहेत. मी म्हणेन, पहिलं वर्ष १ टक्का. महिना ४० हजार हातात येत असतील तर ४०० रुपये. मोठं काहीच नाही, पण पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप जातील अशी बँकेत सूचना देऊन ठेवायची. वर्षाने टक्का वाढवायचा की नाही ते गटासमोर नव्हे, घरात बसून ठरवायचं. गटात आकड्यांची चढाओढ लागली की कमी कमावणारा माणूस हळूच यायचा बंद होतो.

पैसा कधीही एका हातात गोळा करू नका. गटाने फक्त कुठे द्यायचं ते ठरवायचं आणि प्रत्येकाने आपापल्या खात्यातून थेट संस्थेला पाठवायचं. बाहेरच्या लोकांकडून वर्गणी जमवायला लागलात तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी गाठ पडते. ते कराल तर रीतसर करा, पण पहिल्या वर्षी नको. करसवलतीबद्दल एवढंच: ८०जी म्हणून आपण जी ओळखतो ती सवलत जुनी करपद्धत निवडलेल्यांनाच मिळते आणि २,००० रुपयांवरचं रोख दान तीत धरलं जात नाही. पावती आणि संस्थेने प्राप्तिकर खात्याकडे नोंदवलेलं प्रमाणपत्र मागून घ्या. मागायला लाजू नका.

पैसा कुठे

दसरा चौकात उभं राहून भोवताली पाहिलं की बोर्डिंगं दिसतात. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना जागा, पैसा आणि आधार दिला, म्हणून कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. त्यातला विचार बघा. शहरात शाळा होत्या. खेड्यातल्या पोराला राहायला आणि दोन घास खायला जागा नव्हती. नेमकी गाडी कुठे अडली आहे ते शोधून पैसा तिथेच लावला. दान करताना सगळ्यात कठीण काम हेच असतं, आणि बहुतेक जण ते सोडून बाकी सगळं करतात.

अडलेली जागा बाहेरून दिसतेच असं नाही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत 'सेवा मंदिर' या संस्थेबरोबर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी लसीकरणावर प्रयोग केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहीच वेगळं न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के निघाली. खात्रीचं शिबिर दर महिन्याला भरवल्यावर १८ टक्के. शिबिराबरोबर प्रत्येक लसीला एक किलो डाळ आणि पूर्ण झाल्यावर ताटं दिली तेव्हा ३९ टक्के. डाळीचा खर्च वाढूनसुद्धा पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागचा एकूण खर्च निम्म्यावर आला, कारण नर्स तीच, दिवस तोच, पण मुलं जास्त. समोरचा माणूस अडाणी आहे असं गृहीत धरून जनजागृतीचे फलक लावले असते तर हे कळलंच नसतं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण हवं तर गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. इमारत नाही, यंत्रं नाहीत. एवढं काम मोजून दाखवलेलं होतं म्हणून पुढे सरकारी कार्यक्रमात तीच पद्धत आली.

तेव्हा चौकशी करणाऱ्याने संस्थेत जाऊन ही विचारपूस करावी. तुम्ही नसता तर या लोकांचं काय झालं असतं? एका माणसामागे किंवा एका जनावरामागे सगळा खर्च धरून किती पडतो? आणखी एक लाख मिळाले तर नेमकं काय कराल? गेल्या काही वर्षांत कोणतं काम उपयोग होत नाही म्हणून बंद केलं? शेवटच्या प्रश्नावर चांगली संस्था दोन मिनिटं विचार करून खरं सांगते. 'आमचं सगळंच यशस्वी आहे' असं उत्तर आलं की मी वही मिटतो. मग कागद: धर्मादाय नोंदणी, लेखापरीक्षण अहवाल, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी 'दर्पण' पोर्टलवरचा क्रमांक. फोटोंच्या अल्बमवर वेळ घालवू नका.

घरबसल्या सुरुवात करायची तर महाराष्ट्रात काम करणाऱ्या दोन संस्थांची माहिती काढा. 'सुविता' पालकांना बाळाच्या लसीची आठवण मोबाइलवर करून देते. 'फॉर्टिफाय हेल्थ' गव्हाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळायला गिरण्यांना मदत करते. दोन्ही कामं फोटोत अजिबात उठून दिसत नाहीत. ती तपासायला घ्यायचं तेही एक कारण.

वाटणी कशी करायची यावर गटात भांडण होणारच. माझी शिफारस: साठ टक्के मोजून सिद्ध झालेल्या कामाला, पंचवीस टक्के प्राण्यांना, पंधरा टक्के मनाला वाटेल तिथे. मनाचा हिस्सा मुद्दाम ठेवा. शेजारच्या मुलीची फी, देवळातलं अन्नछत्र, गल्लीतल्या म्हाताऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्यावर कुणी प्रश्न विचारायचा नाही. तो हिस्सा नसला की माणसं साठ टक्क्यांतच ओळखीपाळखी घुसवायला लागतात.

प्राण्यांचा वाटा

२०२५ च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशाने नांदणीच्या जैन मठातली माधुरी हत्तीण जामनगरच्या 'वनतारा' प्राणी केंद्रात नेली आणि अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला. निर्णयाबद्दल ज्याचं त्याचं मत असो, एका प्राण्यासाठी एवढी माणसं चालू शकतात हे सगळ्यांनी पाहिलं. आता दुसरा आकडा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात कोंबड्या आणि इतर कुक्कुट पक्षी ८५ कोटींहून अधिक होते, गाई-बैल १९ कोटींच्या आसपास आणि म्हशी-रेडे ११ कोटींच्या आसपास. कोंबड्यांचा आकडा तर त्या दिवशी जिवंत असलेल्यांचा. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी, सहा आठवड्यांत कापला जातो, त्यामुळे वर्षाचा हिशेब कितीतरी पट होतो. अंड्याच्या कोंबडीला पिंजऱ्यात ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा मिळते. तिला पंख पसरता येत नाहीत. अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं उपयोगाची नाहीत म्हणून जन्मतःच मारतात. २०१७ मध्ये विधी आयोगाने कोंबड्यांच्या या हालांवर २६९ वा अहवाल दिला. त्याच्यासाठी मात्र बिंदू चौकात कुणी जमलं नाही.

म्हणून प्राण्यांच्या पंचवीस टक्क्यांतला मोठा भाग कोंबड्यांच्या पिंजऱ्यांविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थांना द्यावा असं माझं मत आहे. गटातल्या श्वानप्रेमींना हे पटणार नाही. पटवत बसू नका, आकडे समोर ठेवा आणि मतदान घ्या.

ताटाचा विषय निघेल तेव्हा सांभाळून. मटणाच्या दरासाठी २०१९ मध्ये आंदोलन करणारं हे शहर आहे. इथे एकदम 'सोडा' म्हटलं तर बैठक तिथेच संपेल. पण एक हिशेब लोकांच्या लक्षात येत नाही. बकऱ्याचं दहा-बारा किलो मटण पडतं आणि तेवढ्याच वजनाला सात-आठ कोंबड्या लागतात. मटण महाग झालं म्हणून आठवड्यातले दोन दिवस चिकनवर आणले, तर जिवांची संख्या वाढते. कमी करायचंच असेल तर आधी चिकन आणि पिंजऱ्यातली अंडी कमी करा. त्या जागी काय? आपली मिसळ मटकीची, पिठलं-भाकरी, खर्डा, दाण्याची आमटी, झणझणीत सोयाबीन रस्सा. सोडायचं दुःख करण्याऐवजी हे ताट वाढा.

दुधाचा प्रश्न इथे त्याहून नाजूक. गटातल्या दोघा-तिघांच्या घरी म्हैस असणार आणि दूध संघाच्या बिलावर घर चालत असणार. तिथे तत्त्वज्ञान बाजूला ठेवून गोठा बघा. दावणीपाशी चोवीस तास पाणी आहे का, सिमेंटच्या कोब्यावर रबरी चटई आहे का, रेडकाला पोटभर दूध मिळतं की रेडा जन्मला म्हणून दुर्लक्ष होतं. या तीन गोष्टी सुधारायला फार पैसा लागत नाही. हंगामात उसाच्या बैलगाड्यांकडेही लक्ष द्या. १९६५ च्या ओझेवाहू जनावरांच्या नियमांनुसार दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ गाडी जुंपता येत नाही. गाडीवान बीड-धाराशिवकडून आलेला, कर्जात बुडालेला असतो. त्याला कायदा दाखवून पोलिसांत देण्यापेक्षा कारखान्याच्या अड्ड्यावर पाण्याची टाकी, सावली आणि गाडीमागे रेडियमच्या पट्ट्या द्या. बैल आणि माणूस दोघेही वाचतात.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी नुसतं खाऊ घालणं हे अर्धं काम आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी आणि लस करून कुत्रं त्याच भागात परत सोडायचं असतं. रेबीज थांबवायला कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस लागते. अर्धवट गल्ली करून उपयोग नाही, म्हणून एक वॉर्ड घ्या आणि तो पुरा करा. शेजारच्या गोव्यात 'मिशन रेबीज'ने २०१४ पासून हेच केलं, घरोघर आणि जाळी घेऊन रस्तोरस्ती, आणि २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रेबीज आटोक्यात आल्याचं जाहीर केलं. खाऊ घालायच्या जागेबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे आदेश लक्षात ठेवा. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्रभागात ठरवून दिलेल्या जागांवरच खाऊ घालायचं आहे. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हलवायची आहेत. सीपीआरच्या किंवा स्टँडच्या आवारात भात ठेवणं म्हणजे त्याच कुत्र्याला अडचणीत आणणं. महापालिकेत वॉर्डाची जागा लेखी मागून घ्या.

स्वतःची तब्येत

कुत्र्या-मांजरांना हात लावणाऱ्या प्रत्येकाने चावण्याआधीच रेबीजची लस घ्यावी: पहिला डोस, त्यानंतर सात दिवसांनी दुसरा आणि पहिल्यापासून एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी तिसरा, असे तीन डोस. यानंतर चावलं तरी लगेच एक आणि तीन दिवसांनी एक असे दोन डोस पुरतात आणि जखमेत टोचायचं महागडं रेबीजविरोधी सीरम लागत नाही. लस आधी घेतलेली नसेल तर पूर्ण कोर्स, आणि रक्त आलेल्या जखमेला सीरमही. दोन्ही बाबतीत पहिलं काम एकच: वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुणं. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लहान ओरखडा म्हणून घरी थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपचार उरत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत झालं नसेल तर तेही घ्या.

जे दूध-अंडी दोन्ही सोडतात त्यांनी बी-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. रोज किमान १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २,०००. गूळ, स्पिरुलिना, मोड आलेली कडधान्यं यांतून ते भागत नाही, कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी. कमतरता हळूहळू येते: हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, चिडचिड. पालेभाज्यांतल्या फॉलिक अ‍ॅसिडमुळे रक्त ठीक दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालू राहतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी तर शाकाहारी असोत वा नसोत, तपासणी करावी. प्रथिनांसाठी सोया वडी (१०० ग्रॅम सुक्या वडीत ५० ग्रॅमच्या आसपास) आणि शेंगदाणे, कॅल्शियमसाठी आजरा-चंदगडची नाचणी आणि तीळ. लोह वाढवायचं तर जेवणाबरोबर लिंबू पिळा आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. कोल्हापुरात हे शेवटचं सगळ्यात अवघड.

रक्तदान पुरुषांनी तीन महिन्यांनी, बायकांनी चार महिन्यांनी, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर नाही. प्रत्येक शिबिरात पुढे असणाऱ्या पैलवानालाही हे लागू आहे.

मनाचा थकवा ओळखायला अवघड असतो. जखमी जनावर उचलून आणणारा, ते रात्रीत मेलं की दुसऱ्या दिवशी नोकरीवर जाणारा माणूस कुणाशी बोलत नाही. पुढे तो ज्यांनी दान दिलं नाही त्यांच्यावर चिडू लागतो, घरच्यांशी तुटक वागतो. मग एके दिवशी सगळंच सोडतो. यावर उपाय नियमानेच करावा लागतो. रात्रीचे फोन पाळीपाळीने घ्यायचे. ज्याची पाळी नाही त्याचा फोन बंद. वर्षात एक पूर्ण महिना प्रत्येकाला सुट्टी, कारण विचारायचं नाही. 'मी नाही तर कोण करणार' असं जो म्हणेल त्याची सुट्टी सगळ्यात आधी लावा. झोप उडाली, जगावंसं वाटेना, इथवर गोष्ट आली तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

जूनची बैठक

वर्षातली ही बैठक चुकवायची नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं, पण ३९ ला नेमकं कुणी काय करायचं हे लिहिलेलं नसतं. ते लिहा. जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस मे अखेरपर्यंत झालेली असावी. कानातला बारा आकडी बिल्ला शाबूत असावा, नुकसानभरपाईच्या वेळी तोच उपयोगी पडतो. आंबेवाडी-चिखलीसारख्या पुरात सापडणाऱ्या गावांतल्या ओळखीच्या घरांची यादी, कुणाकडे किती जनावरं, कुठल्या उंच जागी हलवायची, ट्रॅक्टर कुणाचा. पाणी ३९ फुटांकडे चढायला लागलं की हलवायला सुरुवात, ४३ ची वाट पाहायची नाही. हलवता येत नसेल तर निदान दावी सोडा. दावणीला बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. वैरण आणि पेंड मेमध्येच ठरवून ठेवा, पुरात ती दुप्पट भावानेही मिळत नाही. जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ हा क्रमांक भिंतीवर लिहा.

मनाच्या हिश्श्यातून पुरात जुने कपडे पाठवायचा मोह होईल. पाठवू नका. ते निवडायला माणसं लागतात आणि निम्मे तसेच भिजून कुजतात. नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, क्लोरीनच्या गोळ्या आणि रोख पैसे द्या.

पाण्यात उतरणाऱ्यांनी गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत. पायाला चीर असेल तर उतरूच नये. मेलेली जनावरं उघड्या हाताने ओढू नयेत. महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवावं. लेप्टोस्पायरोसिस (जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन ही गोळी आधीपासून घ्यायची का, हे गटातल्या डॉक्टरला जूनमध्येच विचारून ठेवा. स्वतःच्या मनाने गोळ्या वाटू नका, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही. पाण्यातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे लाल झाले, तर दवाखान्यात गेल्याबरोबर पहिलं वाक्य हे सांगायचं: 'मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो.' साधा ताप म्हणून दोन दिवस घरी काढू नका.